हिमालयातील उंच रस्त्यांवर कमी खर्चात सामूहिक प्रवास: बेळगाव सीमाभागातील मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून दरवर्षी मित्रमंडळींचे गट लडाख किंवा हिमाचलातील स्पिती खोऱ्यात जाण्याचा विचार करतात आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच असतात. आमच्या गटाने हे प्रवास स्वतःची गाडी घेऊनही केले आहेत आणि रेल्वे-बसनेही केले आहेत. त्या अनुभवावरून आणि अभ्यासावरून पुढील उत्तरे लिहिली आहेत.

लडाखसाठी कमीत कमी किती दिवस लागतात?

बेळगावहून स्वतःच्या गाडीने जाऊन परत यायचे असेल, तर वीस दिवस धरावेत. त्यांपैकी चंडीगडपर्यंत जाण्यास चार आणि परतण्यास चार असे आठ दिवस मैदानी प्रदेशातच जातात. उरलेले बारा दिवस डोंगराचे. बहुतेक गट पंधरा दिवसांची रजा गृहीत धरून आखणी करतात आणि मग कमी पडणारे दिवस डोंगरातील मुक्कामांतून काढतात. आमच्या मते कमी खर्चाच्या प्रवासातील सर्वांत महागडी चूक हीच आहे. उंचीवर शरीर रुळण्यासाठी ठेवलेला विश्रांतीचा दिवस कापला, तर वाचते एका रात्रीचे भाडे. परंतु एक जण आजारी पडला की संपूर्ण गटाचे दोन-तीन दिवस, औषधोपचार आणि पुढचे आरक्षण इतके सगळे जाते. म्हणून काटकसर वाहनात करावी, खोलीत करावी, जेवणात करावी. दिवसांत करू नये. रजाच कमी असेल, तर ठिकाणे कमी करावीत.

आमच्याकडची शेती, सण आणि शाळा सांभाळून कोणता महिना निवडावा?

मुलांच्या एप्रिल-मेच्या सुट्टीत जाण्याचा विचार पहिल्यांदा मनात येतो, परंतु त्या काळात मनाली-लेह रस्ता बर्फामुळे बंद असू शकतो. तो उघडण्याची वेळ दरवर्षी बदलते, आणि उघडल्यानंतरचे पहिले काही आठवडे बर्फवितळीच्या पाण्याने रस्ता खराब असतो. जुलै-ऑगस्टमध्ये लडाख स्वतः पर्जन्यछायेत असल्याने तेथे पाऊस थोडा असतो. मात्र तेथे पोहोचण्यासाठी ज्या हिमाचलातून जावे लागते, तेथे याच दिवसांत दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये कुलू-मनाली भागात आलेल्या पुराने रस्त्यांची काय अवस्था केली, हे सर्वांनी पाहिले आहे. शिवाय जुलै म्हणजे खानापूर भागातील रोप लावणीचे दिवस; शेतकरी सदस्य त्या वेळी निघू शकत नाहीत.

आमची पसंती गणपती विसर्जनानंतरच्या सप्टेंबरला आहे. लावणी संपलेली असते, ऊस अजून तोडीला आलेला नसतो, आकाश स्वच्छ असते, ओढ्यांचे पाणी उतरलेले असते आणि गर्दी ओसरू लागल्याने मुक्कामाचे दर बोलून कमी करून घेता येतात. ज्यांना दसऱ्याच्या सुट्टीतच जाणे शक्य आहे, त्यांनी लडाखऐवजी किन्नौरमार्गे स्पितीचा विचार करावा.

स्वतःची गाडी न्यावी, की रेल्वेने जाऊन पुढे वाहन घ्यावे?

बेळगावकरांना एक सोय आहे. आपल्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, मुंबई, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर असा थेट दिल्लीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे कोगनोळीचा टोलनाका ओलांडल्यावर वाट शोधण्याचा त्रास जवळजवळ राहत नाही. परंतु रस्ता सोपा असला, तरी बेळगाव ते चंडीगड हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. गाडी चालवू शकणारे किमान दोन, शक्यतो तीन जण गटात नसतील, तर स्वतःची गाडी नेऊ नये. चौथ्या दिवशी थकलेल्या चालकाने डोंगर चढायला सुरुवात करणे धोक्याचे आहे.

रेल्वेने जायचे झाल्यास गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट दिल्लीच्या निजामुद्दीन स्थानकापर्यंत जाते आणि कर्नाटक संपर्क क्रांतीची चंडीगडची गाडी आठवड्यातून ठरावीक दिवशी बेळगावमार्गे धावते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती बदलली आहे. दहा-बारा जणांच्या गटाने ते खुले होताच करावे. पुढे हिमाचल परिवहन महामंडळाच्या बसगाड्या आहेत: उन्हाळी हंगामात दिल्लीहून मनाली-केलाँगमार्गे लेहपर्यंत बस जाते, आणि रेकाँग पिओहून काझाला जाणारी बस तर स्पितीतील लोकांची रोजची सोबत आहे. शारीरिक कष्टांची तयारी असलेल्या तरुण गटासाठी यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

माणशी खर्चाचा अंदाज कसा काढावा?

एकच ठोक आकडा सांगणे चुकीचे ठरेल, परंतु हिशेबाची पद्धत सांगता येते. बेळगाव-चंडीगड-श्रीनगर-लेह, लेहभोवतीचे नुब्रा खोरे आणि पँगाँग सरोवर, मग मनाली-चंडीगड-बेळगाव अशी फेरी सुमारे ६३०० किलोमीटरची होते. सात आसनांची डिझेल गाडी सामानासह आणि चढणीसह सरासरी लिटरला १४ किलोमीटर देईल असे धरले, तर ४५० लिटर इंधन लागेल. लिटरला १०० रुपये धरल्यास ४५,००० रुपये, म्हणजे सहा जणांत माणशी ७५०० रुपये. हाच खर्च चार जणांत वाटला, तर माणशी ११,२५० रुपये होतो. यावरून गाडीतील रिकामे आसन किती महाग पडते, हे लक्षात येईल. मात्र सात आसनांत सात माणसे बसवू नयेत. मागची जागा सामानाला लागते आणि आजारी माणसाला कधी तरी आडवे व्हावे लागते. यात टोल, निघण्यापूर्वीची दुरुस्ती, मुक्काम आणि जेवण स्वतंत्रपणे मिळवावे.

पैसे उभे करण्यासाठी आपल्याकडची भिशी फार उपयोगी पडते. आमच्या गटाने वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम भिशीसारखी जमा केली, फरक इतकाच की उचल कोणालाच दिली नाही. सर्व रक्कम प्रवासापर्यंत खजिनदाराकडे संयुक्त खात्यात राहिली. एकूण अंदाजाच्या पाचवा हिस्सा इतकी रक्कम वेगळी राखून ठेवावी आणि रस्ता बंद पडणे, आजारपण किंवा गाडीचा बिघाड याखेरीज तिला हात लावू नये.

मनालीहून चढावे, की श्रीनगरहून?

शक्य असल्यास श्रीनगरहून चढावे आणि मनालीकडे उतरावे. श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर आहे, कारगिल २७०० मीटरच्या आसपास आणि लेह ३५०० मीटरवर. वाटेत ३५२८ मीटरची झोजीला आणि ४१०८ मीटरची फोटूला या खिंडी ओलांडाव्या लागतात, परंतु झोपण्याची उंची हळूहळू वाढत जाते. मनालीच्या बाजूने मात्र केलाँग-जिस्पा सोडल्यावर लेहपर्यंतचे सर्व प्रचलित मुक्काम लेहपेक्षाही उंच आहेत: सरचू सुमारे ४३०० मीटर, पांग सुमारे ४६०० मीटर. चंडीगडहून श्रीनगरचे अंतर मनालीपेक्षा बरेच जास्त असल्याने इंधन थोडे अधिक लागते. तो खर्च करावा. निघण्यापूर्वी त्या भागातील सुरक्षेची आणि वाहतुकीची ताजी स्थिती जरूर तपासावी. ती अनुकूल नसेल, तर मनालीमार्गे जाऊन केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री काढाव्यात आणि पहाटे निघून थेट लेहला उतरावे. हा दिवस बारा तासांहून मोठा होतो, तरी सरचूला झोपण्यापेक्षा तो बरा.

उंचीचा त्रास खरोखर इतका गंभीर असतो का? आम्ही सह्याद्रीत नेहमी चढतो.

सह्याद्रीतील सवयीचा येथे फारसा उपयोग होत नाही. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटरचे. लेहमध्ये विमानाने उतरणारा माणूस पहिल्याच पावलाला त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर असतो. ५३५९ मीटरच्या खार्दुंगला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी होतो. हा त्रास कोणाला होईल, हे वय, व्यायाम किंवा ताकद पाहून सांगता येत नाही. तालमीत कमावलेल्या तरुणाला तो होतो आणि त्याच गटातील साठीच्या काकांना होत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे आणि थकवा ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती दिसली की आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला आणि फेसाळ थुंकी हे फुप्फुसात पाणी साचू लागल्याचे लक्षण असू शकते. तोल जाणे, असंबद्ध बोलणे किंवा अतिझोप हे मेंदूला सूज येत असल्याचे. या दोन्ही अवस्था प्राणघातक आहेत आणि त्यांवरचा मुख्य उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. प्राणवायूची नळकांडी आणि औषधे केवळ उतरेपर्यंत वेळ मिळवून देतात. ३००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी, हा सर्वमान्य नियम आहे. लेहला विमानाने गेल्यास पहिले दोन दिवस शहरातच शांत राहावे. पाणी भरपूर प्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात. ॲसिटाझोलामाइड हे औषध बरेच जण घेतात, परंतु ते सर्वांना चालत नाही, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आमच्या पहिल्या प्रवासात आम्ही केलाँगचा दुसरा मुक्काम गाळला आणि सरचूला तंबूत राहिलो. मध्यरात्रीनंतर एका सोबत्याचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या आणि पहाटेपर्यंत त्याला धड उभे राहता येईना. तेव्हा आम्हाला सरचूची खरी अडचण समजली: तेथून दोन्ही बाजूंना खिंडी आहेत, त्यामुळे खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागते. उजाडताच सुमारे ४८९० मीटरचा बारालाचा ओलांडून त्याला केलाँगला आणले आणि तेथील डॉक्टरांच्या उपचारांनी तो दोन दिवसांत बरा झाला. त्या चुकीचा दोष सर्वस्वी आमच्या आखणीचा होता. नुब्रा आणि पँगाँग यांच्या बाबतीतही हाच विचार करावा. नुब्रातील हुंदर लेहपेक्षा खाली, सुमारे ३१०० मीटरवर आहे, तर पँगाँगचा काठ ४२०० मीटरच्या वर. म्हणून नुब्राचा मुक्काम आधी आणि पँगाँगचा शेवटी ठेवावा, किंवा पँगाँगहून संध्याकाळी परत यावे.

ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले येऊ शकतात का?

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, तीव्र रक्तक्षय किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय येऊ नये. जी लहान मुले आपला त्रास शब्दांत सांगू शकत नाहीत, त्यांना आम्ही या उंचीवर नेत नाही. निरोगी ज्येष्ठांना सावकाश आखणीत अडचण येत नाही.

बाहेरून भाड्याने घेतलेली गाडी किंवा मोटरसायकल लडाखमध्ये चालते का?

येथे अनेक गटांचे पैसे वाया जातात. दिल्ली, चंडीगड किंवा मनालीहून स्वतः चालवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या गाड्या आणि मोटरसायकली लेहच्या परिसरात फिरवण्यास स्थानिक वाहनचालक संघटनांचा विरोध असतो आणि अशी वाहने अडवली जातात. बाहेरचा टेम्पो ट्रॅव्हलर तुम्हाला लेहपर्यंत सोडू शकतो, परंतु नुब्रा-पँगाँगसाठी सहसा स्थानिक टॅक्सीच घ्यावी लागते. गट मोठा असेल, तर हा दुहेरी खर्च आधीच अंदाजात धरावा. स्वतःच्या नावावरील खासगी गाडीला ही अडचण येत नाही, मात्र मालक सोबत असावा. मित्राची किंवा मेहुण्याची केए-२२ ची गाडी घेऊन मालकाशिवाय जाऊ नये; नाक्यांवर नाहक स्पष्टीकरण द्यावे लागते. लडाखच्या लोकांचा हंगाम चार-पाच महिन्यांचाच असतो, हे लक्षात घेतले तर त्यांची भूमिका समजून घेणे अवघड नाही.

गाडीची तयारी कोणती करावी?

निघण्याच्या तीन आठवडे आधी गाडी उद्यमबागेतील किंवा आपल्या नेहमीच्या विश्वासाच्या मिस्त्रीकडे द्यावी, म्हणजे दुरुस्तीनंतर ती चोर्ला किंवा आंबोली घाटात सामानासह चालवून पाहण्यास वेळ मिळतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बॅटरी, टायर आणि पट्टे तपासावेत. आपल्या हवामानात बरेच जण रेडिएटरमध्ये साधे पाणी घालून वर्षानुवर्षे गाडी चालवतात. तसे पाणी उंचावरील रात्री गोठून इंजिनाला तडा घालू शकते, म्हणून ते पूर्ण काढून योग्य प्रमाणातील कूलंट भरून घ्यावे. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, त्यामुळे टपावर अनावश्यक सामान लादू नये. ओढण्याचा दोर, पंक्चरचे साहित्य, हवा भरण्याचा छोटा पंप आणि जादा फ्यूज सोबत असावेत. जुनी डिझेल गाडी असल्यास दिल्ली शहरात शिरू नये. तेथील वयोमर्यादेचे आदेश वेळोवेळी बदलतात आणि शहर टाळून बाहेरून जाणारा द्रुतगती मार्ग उपलब्ध आहे.

आम्हाला घाटांत गाडी चालवण्याची सवय आहे. तेथे वेगळे काय असते?

घाटाची सवय उपयोगीच पडते, परंतु चोर्ला घाट तासाभरात संपतो आणि येथे एकेका खिंडीचा उतार तासन्‌तास चालतो. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळी उथळ असतात आणि ऊन वाढून बर्फ वितळले की दुपारनंतर फुगतात, म्हणून पहाटे निघून अवघड टप्पा मध्यान्हापूर्वी ओलांडावा. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये, कितीही उशीर झालेला असला तरी.

इंधन, रोकड आणि दूरध्वनी यांची काय व्यवस्था करावी?

मनाली मार्गावर केलाँगपूर्वीच्या टांडी येथील पंपावर टाकी काठोकाठ भरावी, कारण त्यानंतर लेहच्या जवळ येईपर्यंत साडेतीनशे किलोमीटर पंपाचा भरवसा धरता येत नाही. स्पितीत काझा येथे पंप आहे. एटीएम लेह, केलाँग, काझा अशा मोठ्या गावांतच आहेत आणि तीही कधी बंद असतात. जम्मू-काश्मीर व लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत. गटात निदान दोघांकडे, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे, पोस्टपेड क्रमांक असावेत.

परवाने कोणते लागतात?

लेहच्या पलीकडील सीमावर्ती भागांसाठी लेह जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पर्यावरण शुल्क भरावे आणि पावतीच्या चार-पाच छापील प्रती ठेवाव्यात. मनालीहून ३९७८ मीटरच्या रोहतांग खिंडीत गाडी नेण्यास स्वतंत्र परवाना लागतो. मात्र ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून जाणाऱ्यांना तो लागत नाही. भारतीय नागरिकांना स्पितीसाठी परवाना लागत नाही.

घरातील माणूस लष्करात आहे. त्याच्या ओळखीने सोय होईल का?

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने आपल्या भागात असे घर विरळाच, जेथील कोणी ना कोणी त्या सीमेवर राहून आलेला नाही. त्यांचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे. हवामान आणि उंची यांविषयी त्यांच्याइतके कोणीच सांगू शकणार नाही. परंतु मुक्काम किंवा वाहनाच्या सोयीची अपेक्षा धरून आखणी करू नये. ते कामावर असतात.

मुक्काम आणि जेवण स्वस्तात कसे जमवावे?

घरगुती निवासात राहावे. स्पितीतील लांग्झा, कोमिक, धनकर अशा गावांत आणि नुब्रात घराघरांतून अशी सोय असते. भाड्यात बहुधा दोन वेळचे जेवण येते आणि पैसे थेट त्या घराला मिळतात. मोठ्या गटाने पहिला व शेवटचा मुक्कामच आधी आरक्षित करावा, मधले जागेवर ठरवावेत. शिधा नेणार असाल, तर कुकर विसरू नये: लेहच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात शिजत नाही आणि गॅस मात्र संपत जातो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग आणि लाडू हे पहिले आठ दिवस पुरतात. उंचीवर भूक मंदावते तेव्हा घरची चव घशाखाली उतरते, हा आमचा वारंवारचा अनुभव आहे. कुंदा मात्र यजमानांना देण्यासाठी न्यावा. बाटल्या आणि वेष्टने एका पोत्यात साठवून मोठ्या गावापर्यंत परत आणावीत. गोम्पांत, म्हणजे बौद्ध मठांत, पादत्राणे बाहेर काढावीत आणि प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालावी. मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतील मठ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे शिष्टाचार ठाऊक असतीलच.

पैसे आणि दिवस दोन्ही कमी असतील, तर काय करावे?

स्पिती करावी. चंडीगडपर्यंत रेल्वे, तेथून सिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असे बसने किंवा स्थानिक भाड्याच्या गाडीने जावे आणि त्याच वाटेने परतावे. उंची पायरीपायरीने वाढते, सुमारे ३७०० मीटरवरील काझापर्यंत पोहोचेपर्यंत शरीर सावरलेले असते, आणि ताबोचा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला असल्याने मुक्काम सार्थकी लागतो. जाण्या-येण्यासह चौदा दिवस पुरतात. ४५५१ मीटरच्या कुंझुम खिंडीतून मनालीकडे उतरण्याचा मोह ऑक्टोबरमध्ये टाळावा. तेथे अचानक बर्फ पडून रस्ता बंद होतो.

गट किती जणांचा असावा आणि निर्णय कोणी घ्यावेत?

एका गाडीत सहा, दोन गाड्यांत बारा. त्याहून मोठा गट जेवणासाठी थांबला तरी दीड तास जातो. खजिनदार एकच असावा आणि त्याने रोज रात्री खर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा. मार्गाचा निर्णय बहुमताने घ्यावा, परंतु परत फिरण्याचा निर्णय बहुमतावर सोडू नये: कोणाही एकाला त्रास होत असेल, किंवा चालकाला पुढचा रस्ता धोक्याचा वाटत असेल, तर त्याच्या शब्दावर सर्वांनी मागे वळायचे, हे निघण्यापूर्वीच्या बैठकीत सर्वांच्या तोंडून वदवून घ्यावे. अशा वेळी जो वेगळा खर्च होईल, तो राखीव रकमेतून द्यावा, आजारी माणसाच्या वाट्याला लावू नये; पैशांच्या संकोचाने लोक दुखणे लपवतात. राखीव रक्कम उरली, तर परतल्यावर गाडीच्या मालकाला आधी ब्रेक, क्लच आणि टायरच्या झिजेपोटी तिच्यातून भरपाई द्यावी आणि मगच बाकीची वाटून घ्यावी.